दत्ता मलावीतच राहिला

डेअरीवर दूध घालून मी काटेवाडीला, सासरी परतत होते, तेव्हा फोन आला. आफ्रिकेत, मलावीतल्या मिशनच्या दवाखान्यातल्या केरळच्या नर्सबाई तोडक्या हिंदीत सांगत होत्या : मलेरिया डोक्यात गेला, दत्ता पहाटे गेला. मी ‘ठीक है’ म्हणाले. घरी येऊन किटली घासली, उपडी घातली. मला रडू आलं नाही. इतके आठवडे झाले, अजून आलेलं नाही...

दत्ता माझा धाकटा भाऊ. आम्ही सणसरचे. आबा, म्हणजे आमचे वडील, मारुतीच्या देवळात भजनाला पेटी वाजवतात. सूर त्यांनीच त्याला दिला. पुढं तो बारामतीच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवू लागला. नवरदेव दारात आला, की मुलीकडची माणसं त्याच्याचभोवती उभी राहायची. आबा कौतुक तोंडावर करत नसत, पण सणसरात लग्न असलं की मांडवाच्या कडेला जाऊन बसत.

एकदा बारामतीत एका म्हाताऱ्या ख्रिस्ती नर्सच्या अंत्ययात्रेला बँड बोलावला होता. कबरीपाशी लोक हळू आवाजात गाऊ लागले. दत्ताला चाल ठाऊक नव्हती. दुसऱ्या कडव्याला त्यानं ती धरली. ‘‘आक्का, तितं कुणी नाचत नव्हतं, कुणी नोटा उडवत नव्हतं. पहिल्यांदाच वाटलं, कुणीतरी ऐकतंय,’’ तो मला म्हणाला होता. मग तो रविवारी चर्चला जाऊ लागला. काही वर्षांनी बाप्तिस्मा घेतला. कुणी फसवलं, कशाला भुलला, असं गावात बोलत. मी विचारलं, तर हसला.

बाप्तिस्म्यानंतर तो आबांना सांगायला आला.

‘‘नाव काय ठिवलंस?’’ आबांनी विचारलं.

‘‘दत्ताच. तुमी ठिवलेलं हाय ते.’’

आबा म्हणाले, ‘‘येत जा. पर माझ्या दारात वाजवायचं न्हाय.’’

त्यानं ते पाळलं. येताना वाद्य बारामतीतच ठेवून यायचा. लग्न केलं नाही. मिशनचं शिक्षण घेतलं आणि मलावीला गेला. तिथं चर्चमध्ये उपदेश करायचा, मुलांना वाजवायला शिकवायचा, तिथली भाषा बोलायचा. निघायच्या दिवशी आबांनी एवढंच विचारलं, ‘‘तितं पाणी कसं हाय?’’

‘‘गोडं हाय, आबा. लई मोठं तळं हाय. पल्याडचा काठ दिसत न्हाय.’’

आबांनी मान हलवली. उसाला पाणी सोडायचं होतं, ते शेताकडं गेले.

त्याला तिथंच पुरलं. मी सणसरला गेले, आबांच्या शेजारी बसून मोबाईलवर बघितलं. लाल माती, पांढऱ्या शर्टातली माणसं. चित्र सारखं अडकत होतं. एका मुलीनं क्लॅरिनेट वाजवली. आबांनी मोबाईल कानाशी धरला, त्यामुळं शेवटची माती पडताना आम्ही कुणीच पाहिली नाही.

‘‘ही कोण?’’

‘‘त्यानं शिकवलेली असंल.’’

‘‘श्वास त्याच्यासारखाच घेती,’’ आबा म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, ‘‘त्यांच्यात तेरावं करत्यात का?’’

‘‘न्हाय, आबा.’’

‘‘मग आपण काय करायचं?’’

आम्ही काहीच केलं नाही. दिवस तसेच गेले.

गेल्या आठवड्यात सणसरला गेले होते. दत्ता झोपायचा त्या खोलीच्या कोनाड्यात त्याच्या जुन्या पत्त्या पडलेल्या आहेत. क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायच्या बोरूच्या पातळ पट्ट्या, कडा झिजलेल्या. वाजवण्याआधी तो अशी एक पत्ती जिभेवर धरून भिजवायचा, तेवढा वेळ बोलायचा नाही. मी खोलीत डोकावले, तर आबा त्याच्या खाटेवर बसले होते, ओठ मिटून. मी ‘चहा करू का’ विचारलं. त्यांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं. ओठांच्या कोपऱ्यातून पत्तीचं टोक दिसत होतं.

मी दार पुढं ओढलं आणि ओट्यावर जाऊन बसले.