घरासमोरची पट्टी

चष्मा कपाळावर चढवायचा, उजवा तळहात पुढे पसरायचा आणि म्हणायचं, "कलम दाखवा!" आमच्या शेजारचे काका हे कुणालाही म्हणत. काकूंनी श्रीखंडाची दुसरी वाटी नाकारली, तरी हात पुढे. "साखर वाढलीये तुमची," काकू म्हणायच्या. "ते ठीक आहे. कलम दाखवा." तुमच्याही ओळखीत असा एखादा निवृत्त साहेब असेलच. नसला तर सुखी आहात.

काका नागपूरला रस्तेबांधणी खात्यात होते. निवृत्तीनंतर दोघं डेट्रॉइटजवळच्या आमच्या गावात एकुलत्या एका मुलाकडे राहायला आली. मुलगा मोटारीच्या कंपनीत. गावात बहुतेक सगळेच मोटारी बनवणारे, त्यामुळे फुटपाथ नावाची वस्तू नव्हती. लायब्ररी चालत जाण्याजोगी, तिथे चार बायका रोज जमायच्या, पण जायचं तर भरधाव गाड्यांच्या कडेने. काकू एकदा साडी सावरत निघाल्या, तर पोलिसाने गाडी थांबवून विचारलं, हरवलात का? "बाप्पा! चालणारी बाई दिसली की इथे हरवलेलीच समजतात," असं मला सांगताना काकू खूप हसल्या.

त्याच दिवशी त्यांनी काकांना बजावलं. "मी काय कुंडीतलं झाड आहे? खिडकीत ठेवलंय, वेळेवर पाणी घालताय. एक तर मला फुटपाथ करून द्या, नाही तर नागपूरला नेऊन सोडा."

काका पेटले. टाउन हॉलच्या सभेला निघाले. ड्रायव्हर मी, कारण मुलाला मीटिंग होती. त्याला कायमच मीटिंग असायची. सभेत नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात, मग लाल दिवा लागतो. काकांची प्रस्तावनाच लाल दिव्यापर्यंत गेली. अधिकारी मात्र फार गोड माणसं. म्हणाले, गावाने कुठली बांधकामं हाती घ्यायची, त्यासाठी जमीन कशी घ्यायची, याचं धोरण आम्ही नव्याने लिहितोय. ते झालं की फुटपाथ. तुमच्यासारखा अनुभवी माणूस समितीवर हवा.

झालं! मासा गळाला लागला. काकांना गळ्यात घालायला बिल्ला मिळाला आणि फुटपाथ ते साफ विसरले. दर महिन्याला कडक इस्त्रीचा शर्ट, समितीत चर्चा, आणि येताना गाडीत मला तीच चर्चा पुन्हा. 'दुरुस्ती' कशाला म्हणायचं हे ठरवण्यात एक अख्खा हिवाळा गेला. कॉफी आणि डोनट तेवढे वेळेवर यायचे.

"अहो, फुटपाथचं काय?" काकू विचारायच्या.

"आधी धोरण!"

त्या धोरणात काकांच्या हट्टाने गेलेलं कलम एकच. घरमालकाच्या राजीखुशीच्या सहीशिवाय त्याच्या दारची वीतभरही जमीन घ्यायची नाही. एवढा हट्ट कशाला, असं मी गाडीत विचारलं.

"नागपूरला रस्ता रुंद करताना एका म्हातारीच्या अंगणातून चुन्याची रेघ मारली होती मी. दुसऱ्या दिवशी गेलो, तर बाई त्या रेघेवरून सडा टाकत होती. मी काही बोललो नाही. कलम होतं ना माझ्याकडे."



धोरण मंजूर झालं, टाळ्या पडल्या, आणि नवल म्हणजे पहिलंच काम निघालं ते आमच्या रस्त्याच्या फुटपाथचं. प्रत्येक घरासमोरची थोडी पट्टी हवी होती. सगळ्यांनी सह्या दिल्या. एकच घर अडलं, काकांच्या मुलाचं!

"बाबा, जरा प्रॅक्टिकल व्हा. फुटपाथ झाला की त्यावरचा बर्फ मी काढायचा. कोणी घसरलं तर केस माझ्यावर. आणि लॉन कापलं की रीसेल व्हॅल्यू डाऊन."

"बर्फ मी काढीन."

"बायपास झालीये तुमची. आणि मी सही केलीच पाहिजे, असं कुठे लिहिलंय? कलम दाखवा."

मी तिथेच बसले होते. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पण हात मांडीवरच राहिला.

समितीने सुचवलं, एका घरापुरता सहीला अपवाद करू, तुमचंच तर घर आहे. काका उभे राहून "नाही" म्हणाले. माझं डोकं फिरलं. "काका, पोटचा पोरगा आहे, कान धरून सही घ्या!"

"कान धरून घेतली तर ती राजीखुशी कशी, पोरी?"

असा संताप आला होता मला त्या माणसाचा! आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटत होतं.

फुटपाथ झाला. दोन्हीकडून छान गुळगुळीत येऊन मुलाच्या लॉनपाशी थांबला. काकू मधल्या गवतातून जायला लागल्या. आपोआप सुरू होणाऱ्या कारंज्यांनी साडी भिजायची, तरी जायच्या. गवतात पायवाट पडली. मग हिवाळा आला. शेजाऱ्यांनी आपापल्या दारचा बर्फ काढला, मधला ढीग तसाच राहिला. काकू पुन्हा खिडकीत बसल्या, आणि बर्फ वितळायच्या आत दोघं नागपूरला परत गेली. विमानतळावर काकू म्हणाल्या, "तिकडे खड्डे आहेत गं, पण चालू तरी देतात." काका आपली बॅग समजून दुसऱ्याच कुणाची तरी बॅग ओढत पुढे गेले होते.

दोन वर्षांनी काका वारले. मुलगा एकटाच जाऊन आला. तोवर इकडे घरांच्या किमती कोसळल्या होत्या. जिच्यासाठी लॉन राखलं, ती रीसेल व्हॅल्यू कुठल्या कुठे गेली. एक दिवस तो आपण होऊन टाउन हॉलमध्ये गेला आणि सही देऊन आला. अधिकारी पूर्वीइतकेच गोड. म्हणाले, वा, छान! पण सध्या पैसे नाहीत, आणि धोरणही आम्ही नव्याने लिहायला घेतलंय.

त्या डिसेंबरात एका सकाळी गुडघाभर बर्फ पडला होता. मुलगा फावडं घेऊन लॉनवर उभा. फुटपाथच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गवतावरचा बर्फ काढत होता. गवतावरचा बर्फ कधी कोणी काढतं का? मी दार उघडून ओरडले, "काय रे, हे कुठल्या कलमात बसतं?"

त्याने मान वर केली नाही.

"ताई, आई येतेय शनिवारी."