सत्काराला उभा राहिलेला पाय

मधुमेहाने माझ्या पायांची जाणीव गेली, त्याला बरीच वर्षं झाली. त्यामुळे चपलेत वर आलेला खिळा घेऊन मी मंगरूळपीरचा अख्खा बाजार फिरलो आणि घरी आल्यावर फरशीवरचे रक्ताचे ठसे पाहून बायकोलाच विचारलं, "कोण आलं होतं?"

अंगठ्याखालची ती जखम आठ महिने भरली नाही. वाशीमच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, अंगठा काढावा लागेल. त्याआधी एकदा कलम लावून पाहू. कलम म्हणजे बाळंतपणात कुण्या आईने दान दिलेल्या वारेचा पापुद्रा. तपासून, धुऊन, वाळवून पाकिटात बंद केलेला. आमच्याकडे वार परसात पुरतात. माझी कुठे पुरली हे सांगणारं आता कोणी उरलं नाही.

कांद्याच्या आतल्या सालीसारखा तो पापुद्रा डॉक्टरांनी जखमेवर ठेवला आणि पट्टी बांधली. "सर, पाय टेकायचा नाही. टेकला तर हे सरकेल, आणि तुम्हाला कळणारही नाही."

अकराव्या दिवशी दवाखान्याच्या नव्या मजल्याचं उद्घाटन होतं. तिथला असल्या कलमाचा पहिला रुग्ण म्हणून माझा सत्कार ठरला. शाळेत नोकरीभर सूत्रसंचालन केल्यामुळे 'मान्यवर' हा शब्द ऐकला की मला जांभई येते. तरी गेलो.

चाकाची खुर्ची मंचाच्या तीन पायऱ्यांपाशी अडली.

"अवो, खालीच घ्या ना थे शाल," बायको म्हणाली. "वर काहून चढता?"

"सगळे थांबलेत."

"थांबू द्या. त्यायचं काय जाते? पाय तुमचा हाय."

मी चढलो. कोणी ढकललं नाही, हे सांगितलं पाहिजे. वर गेल्यावर नारळ सापडेना, म्हणून उभाच राहिलो. फोटोवाला म्हणाला, "सर, जरा सरळ. दोन्ही पायांवर." राहिलो सरळ. डॉक्टर क्षणभर माझ्या पायाकडे पाहत होते, मग कॅमेऱ्याकडे पाहू लागले. दुखलं काहीच नाही.

तीन दिवसांनी पट्टी सोडली, तेव्हा पापुद्रा चुरगळून पट्टीलाच चिकटून आला. खाली जखम काळी पडली होती. डॉक्टरांनी अंगठा काढायची तारीख लिहून दिली.

परतीच्या ऑटोत बायकोने विचारलं, "दुखून राह्यलं असतं, त मंचावरून उतरले असते का तुमी?"

मी खरंच विचार केला. "नसतो उतरलो."

ती बाहेर पाहू लागली.

पुढच्या आठवड्यात अंगठा काढला. भूल दिली होती; कशाला, ते मला समजलं नाही. आता पाय उंच ठेवायचा असतो, म्हणून बायको रोज त्याखाली ती सत्काराची शाल घडी करून ठेवते. शाल फार टोचरी आहे, असं तिचं म्हणणं.