न बसवलेल्या सहा दुरुस्त्या

रश्मी सही करून मोकळी होईल, ही धास्ती सकाळपासून सीमाच्या मनातून हटत नव्हती. लेकीचा स्वभावच तसा. शाळेत बाई ओरडल्या, "कोणी सांडली शाई?" की न सांडताही मान हिचीच खाली.

रश्मी वरळीच्या एका कंपनीत कंत्राटावर होती. एका बँकेचा मेनफ्रेम, म्हणजे सगळे व्यवहार चालवणारा अवाढव्य संगणक, त्या कंपनीकडे सांभाळायला होता. त्याच्या सॉफ्टवेअरसाठी आलेल्या दुरुस्त्यांपैकी कोणत्या खरंच बसवल्या गेल्यात, हे तपासणं रश्मीचं काम. मार्चमध्ये तिला दिसलं, एकेचाळीसपैकी सहा नुसत्या येऊन पडल्यात. तिने साहेबांना, हितेंद्रला, लेखी कळवलं. त्याने आलेल्यांची यादी उघडली, एकेचाळीसचा आकडा जुळवला आणि बँकेला सांगून टाकलं, सगळ्या बसवल्या. गेल्या सोमवारी त्या सहांतल्याच एकीपायी बँक तीन तास ठप्प.

"आता म्हणतोय, तपासताना माझी चूक झाली असं लिहून दे," सकाळी डबा भरता भरता रश्मी म्हणाली. "पाच वाजता बँकेची माणसं येतायत."

सीमा पालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाच्या नोंदी ठेवायची. ती उसळलीच. "लस फ्रीजमध्ये आली म्हणजे पोरांना टोचली का? गाढव आहे का तुझा साहेब?"

"गाढव कसला! चांगला पोचलेला आहे. म्हणतो, तू नवीन आहेस, तुला कोण काय बोलणार? पुढच्या महिन्यात पर्मनंट करतो."

पर्मनंट म्हटल्यावर सीमाची जीभ घसरली. "मग दे ना लिहून. एक कागद तर आहे."

रश्मीने डब्याचं झाकण दाबलं आणि 'येते' न म्हणताच निघून गेली.

दुपारभर दवाखान्यात सीमा धुमसत होती. हितेंद्रचा राग होताच, मेल्याने नेमकी गरीब गाय हेरली. पण त्याहून जास्त राग स्वतःचा. न टोचलेली लस टोचली म्हणून लिहा, असं कुणी तिला सांगितलं असतं तर रजिस्टर त्याच्या अंगावर भिरकावलं असतं तिने. आणि पोटच्या पोरीला मात्र खोटं लिहायचा सल्ला!

चार वाजून चाळीस मिनिटं. ऑफिसात फोन करायचा नाही, असं रश्मीने बजावलेलं. बजावू दे.

"मनू, जरा बघ गं इथे," नर्सला सांगून सीमा उठली. "आमच्या बाईसाहेबांना सांगायचंय, आई सकाळी मूर्खासारखं बोलली. सही करू नकोस."

तिने पर्समधून फोन काढला.