सुतळीने काढलेलं वर्तुळ

माझी पाळी आली. फळ्यावर वर्तुळ आणि त्याची स्पर्शिका काढायला उठले, तर सरांनी माझ्या हातातला लाकडी कंपास काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. खिडकीला बांधलेली सुतळी सोडून माझ्या पायाशी टाकली.

"दोर वळणाऱ्याची पोरगी तू. दोरीनंच काढ."

दहावीचा वर्ग. मुदखेडजवळचं आमचं गाव. बाप मांगवाड्यात वाखाचे दोर वळायचा. गावातली सगळी बैलं आमच्याच दोरांनी बांधलेली. त्या दोरांचा विटाळ मात्र कुणाला होत नव्हता.

सुतळीने वर्तुळ काढायचं तर एकाने मध्यावर टोक धरायचं, दुसऱ्याने खडू बांधून फिरवायचा. मी वर्गाकडे पाहिलं. कुणी उठलं नाही. सुतळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं ना. पाटलाची सुमन पहिल्या बाकावर होती. तिने वहीत मान घातली.

डाव्या अंगठ्याने टोक दाबलं, उजव्या हाताने खडू फिरवला. सुतळी निसटली. रेघ जिथून निघाली तिथे पोचलीच नाही.

"अंडं घातलंस की गं!" सर म्हणाले. वर्ग खदखदला. सुमनही.

"बस जागेवर. परीक्षेत रचनेचा प्रश्न सोडूनच दे."

बसले नाही. टेबलावरचा कंपास उचलला. केंद्र घेतलं, वर्तुळ काढलं. त्रिज्या बाहेर वाढवली, वर्तुळावरच्या बिंदूपाशी लंब काढला. स्पर्शिका आली.

चूक सापडली नाही, म्हणून सरांनी बोटांवर पट्टी मारली. मग शिपायाला हाक मारून कंपास धुवायला लावला. पुसायला नव्हे. तांब्याभर पाणी ओतून, सगळ्यांसमोर.

तोवर मला वाटायचं, चुकतं ते आपलंच. लाकडावरून पाणी गळताना पाहिलं आणि ते वाटणं संपलं.

आज मी लातूरला गणित शिकवते. त्या वर्गाचा आता ग्रुप झालाय. मेळावा ठरला की मंडप, जेवण, हार, माईक, सगळं माझ्याकडे. गेल्या आठवड्यात सुमनचा फोन आला.

"अगं, शाळेच्या नव्या गणित कक्षाला सरांचं नाव द्यायचं ठरून राहिलंय. मानपत्र तू लिही. तुझं लई नीट असतंय."

"कंपास धुतला होता, आठवतंय?"

"लेकरं होतो गं आपण. सर आता लई थकलेत."

"धुतला तेव्हा धडधाकट होते."

"सोड की बाई. एक हार घालायचा, झालं."

सोडणार नाही. मुख्याध्यापकांकडे लेखी हरकत दिली आहे. घडलं तसं, नावासकट. मानपत्र लिहिणार नाही, पण मेळाव्याला जाणार. माईक माझ्या ताब्यात आहे. पहिली मीच बोलेन, सर समोर खुर्चीत असताना, त्यांच्या सुना-नातवंडांसमोर. त्यांनी मान खाली घातली तरी थांबणार नाही. माफी मागितली तर ती त्यांच्यापाशीच राहू दे.

आणि एवढं करूनही नावाची पाटी लागली, तर तिचे स्क्रू मी काढीन. दिवसाउजेडी. शाळा भरलेली असताना.