डब्या बदलल्या, तरी दिवा तिचाच

कॉम्प्युटर गादीत गुंडाळून त्या सकाळी मी ऑटोने आंध्रातल्या आदिलाबादहून तलमडुगू गावाला निघाले होते... मॉनिटर मांडीवर, बाकीचं पायाशी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शहरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे आणि बाबा तलमडुगूच्या मराठी शाळेत गुरुजी होते.

बाबा दरवर्षी आसपासच्या चार मराठी शाळांची प्रश्नमंजूषा घ्यायचे. दरवर्षी भांडण ठरलेलं... हात आधी कोणी वर केला? मागच्या वर्षी दुसऱ्या शाळेचे एक सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "गुर्जी, तुमाले तुमच्याच शाळेची पोरं दिसतात." ते बाबांना फार लागलं होतं.

म्हणून मी हा उद्योग केला. साबणाच्या चार प्लास्टिकच्या डब्या, प्रत्येकीवर दारावरच्या बेलचं बटण आणि एक लाल एलईडी. सगळ्या वायरी कॉम्प्युटरच्या मागे, जिथे प्रिंटर लावतात तिथे. जे बटण आधी दाबलं जाईल त्याचाच दिवा लागणार, असा बेसिक भाषेतला छोटासा प्रोग्राम लिहिला. सोल्डरिंग करताना दोन बोटं भाजली, पण चाललं एकदाचं.

शाळेत आख्खं गाव जमलं होतं... प्रश्न ऐकायला कमी, कॉम्प्युटर बघायला जास्त.

बाबांच्या शाळेकडून जी मुलगी बसणार होती ती नेमकी तापाने पडली. ऐनवेळी हेडमास्तरांनी सातवीतल्या वंदनाला बसवलं. एवढीशी, बारीक, मान खाली घातलेली.

पहिला प्रश्न... दिवा वंदनाचा, उत्तर बरोबर. दुसरा... वंदनाच. पाचव्या प्रश्नापर्यंत दुसऱ्या कोणाचा दिवाच लागला नाही.

कुजबुज सुरू झाली. मशीन गुरुजींच्या लेकीची, जिंकणारी पोरगी गुरुजींच्या शाळेची... खरं सांगू, कुठे वायर तर चिकटली नाही ना, अशी शंका मलाही आली.

मागच्या वर्षीचे तेच सर उठले. "बाई, तुमची मशीन काऊन एकीलेच पाहून राह्यली?"

"डब्या बदला सर. तुमीच बदला," मी म्हटलं.

सरांनी वंदनाची डबी उचलून आपल्या विद्यार्थ्यापुढे ठेवली आणि त्याची वंदनापुढे. बाबांनीही हातातला प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला आणि मनातलंच गणित घातलं... "पंचवीस गुणिले अठ्ठेचाळीस?"

वंदनासमोरचा दिवा लागला. "बाराशे."

सर कॉम्प्युटरपाशी गेले. स्क्रीनवर त्यांच्याच शाळेचा नंबर होता, कारण डबी त्यांची होती... बोट मात्र वंदनाचं. सर हसले, आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली.

कार्यक्रम संपल्यावर बाबांनी वंदनाला जवळ बोलावलं. "बेटा, एवढं येते तुले, तर वर्गात हात काऊन वर करत नाहीस?"

ती हळूच म्हणाली, "करते ना गुर्जी. मी मागं बसते... तुमाले दिसत नाही."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

परतताना ऑटोत, घर जवळ आल्यावर बाबा म्हणाले, "मी समजत होतो, लोकं उगाच नावं ठेवून राह्यले... उद्यापासून मागच्या रांगेपासून सुरू करतो."

आणि खरंच, निवृत्त होईपर्यंत बाबांनी वर्गातला पहिला प्रश्न शेवटच्या रांगेलाच विचारला. पुढे मीही तेच करत आले... आमच्या दोघांच्या शिकवण्यात जे काही बरं असेल, त्यातलं थोडं तरी वंदनाचं आहे.