अर्डिथचे एकोणतीस गुण

यंग्सटाउनच्या नगर न्यायालयात तळमजल्यावर कारकुनांच्या तीन खिडक्या आहेत. त्यातल्या दुसऱ्या खिडकीवर अर्डिथ पावलिक बावीस वर्षं बसली आणि तिसऱ्या खिडकीवर मी. घरमालक भाडेकरूला घराबाहेर काढण्यासाठी अर्ज करतो तो तिच्याकडे. भाडेकरू समन्स हातात धरून येतो तोही तिच्याकडेच. घरमालकाबरोबर वकील असतो. भाडेकरूबरोबर बहुतेक वेळा कडेवरचं पोर असतं.

अर्डिथ कागद वाचायची तो अक्षर अन् अक्षर. एकदा समन्सवर घर नंबर अकराशे अठ्ठेचाळीसचा अकराशे चौऱ्याऐंशी झाला होता. ते तिने पकडलं, नाहीतर भलतंच कुटुंब रस्त्यावर आलं असतं. पण खिडकीवरच्या माणसाला कायद्याचा सल्ला द्यायची आम्हाला मनाई आहे. एका म्हाताऱ्या बाईंनी एकदा विचारलं, "पोरी, यातल्या कुठल्या चौकोनात खूण करू?" अर्डिथला उत्तर माहीत होतं. ती म्हणाली, "मला सांगता येत नाही, बाई." बाईंनी चुकीच्या चौकोनात खूण केली. दहा दिवसांनी त्यांचं सामान फुटपाथवर आलं. ते अर्डिथने कामावर येताना गाडीतून पाहिलं.

त्या आठवड्यात ती मला म्हणाली, "ग्लेंडा, मी वकील होणार."

तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. पदवी तिने चाळिशीत, नोकरी सांभाळूनच घेतली होती. नोकरदारांना संध्याकाळी वकिली शिकवणारं एकच कॉलेज आमच्या जवळपास आहे, तासाभराच्या अंतरावर. तिथल्या प्रवेश विभागातल्या बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, की प्रवेश परीक्षेत एकशे बावन्नच्या खाली असाल तर आशा धरू नका.

पहिल्यांदा तिला एकशे ऐंशीपैकी एकशे एक्केचाळीस मिळाले.

"म्हणजे फार कमी नाहीत," मी म्हणाले.

"अगं, कोरी उत्तरपत्रिका दिली तरी एकशे वीस देतात," ती म्हणाली. "ते फुकटचे. माझी कमाई एकवीस."

घरी तिचा नवरा स्टॅन होता, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. "वकीलसाहेब," तो म्हणायचा, "कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला आपली हरकत नाही ना?" पहिल्या वर्षी ती हसायची.

आम्ही दुपारच्या सुट्टीत जुन्या फायलींच्या खोलीत बसायचो. शुक्रवारी ती चर्चमधल्या बायकांनी केलेले, बटाट्याचं सारण भरून करंजीसारखे मुडपलेले पिरोगी आणायची, मी घड्याळ लावायची. परीक्षेत तीन भागांचे गुण धरत: उताऱ्यांचं वाचन, युक्तिवाद आणि कोडी. प्रत्येकाला पस्तीस मिनिटं. वाचनात सत्तावीस प्रश्न असायचे. अर्डिथ सतराव्यापर्यंत पोहोचायची आणि वेळ संपायचा. त्या सतरांपैकी एकही सहसा चुकायचा नाही.

"पुढे सरक ना, बाई!" मी ओरडायची.

"अगं पण इथे 'काही' म्हटलंय. 'बहुतेक' म्हटलेलं नाही."

"मग असू दे की!"

"असू दे कसं? सगळा अर्थ बदलतो."

इतकी वर्षं तिने जे काम चोख केलं, तेच तिथे तिच्या आड येत होतं. हे तिलाही कळत होतं. पण डोळ्यांना लागलेली सवय कशी सोडवायची, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. दुसऱ्यांदा एकशे त्रेचाळीस आले.

मग तिला कोडी सापडली. सात माणसं, सात खुर्च्या. अमका तमक्याच्या शेजारी नको, तिसरा टोकाला नको. तर मधे कोण? आधी तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग तिने आमच्याच ऑफिसातल्या माणसांच्या नावाच्या चिठ्ठ्या केल्या आणि फायलींच्या खोक्यावर मांडू लागली. "लीलंड जजसाहेबांच्या शेजारी नको," ती पुटपुटायची, "तू खिडकीजवळ, म्हणजे मर्ना दाराशी." वर्षभर ती चिठ्ठ्या हलवत राहिली. पुढे चिठ्ठ्यांची गरज उरली नाही. तेवीसपैकी बावीस बरोबर यायला लागली, तीही पाच मिनिटं हातात ठेवून. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

दोन हजार तेवीसच्या पानगळीत परीक्षा घेणाऱ्यांचं पत्र आलं. पुढच्या ऑगस्टपासून परीक्षेत कोडी नसणार. त्यांच्या जागी युक्तिवादाचा आणखी एक भाग.

तिने ते पत्र मला वाचायला दिलं आणि खिडकीवर जाऊन बसली. रांगेतल्या माणसाला म्हणाली, "बोला."

ऑगस्टच्या आत दोनदा बसायचं तिने ठरवलं. जानेवारीत एकशे सेहेचाळीस आले. जूनमध्ये मीच तिला पिट्सबर्गच्या केंद्रावर घेऊन गेले. बाहेर आली तेव्हा घामाने भिजली होती. "कोडी सगळी सुटली," गाडीत बसत म्हणाली. "सगळी. वाचनात शेवटचा उतारा उघडलासुद्धा नाही."

तीन आठवड्यांनी आकडा आला: एकशे एकोणपन्नास. फुकटचे वगळून कमाई एकोणतीस.

तिने कॉलेजला फोन केला. प्रवेश विभागातल्या त्याच बाई बोलल्या. अर्डिथने त्यांना घर नंबरची गोष्ट सांगितली, चौकोनातल्या खुणेची सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचा अर्ज घ्यायला मला मनापासून आवडलं असतं," त्या म्हणाल्या. "तीन गुण आणा, मी स्वतः समितीपुढे ठेवते."

"तीनच," अर्डिथ फोन ठेवून म्हणाली. पण पुढची परीक्षा ऑगस्टची होती, कोडी नसलेली.

तिने सुट्टी काढली, शिकवणी लावली. पंचविशीतला मास्तर तिला शिकवायचा, की सगळं वाचू नका, नजर फिरवा. ती प्रामाणिकपणे नजर फिरवू लागली. आता प्रश्न सगळे व्हायचे, पण चुकायचे. पुन्हा सावकाश वाचू लागली, तर अर्धे राहायचे. ऑगस्टच्या परीक्षेत एकशे त्रेचाळीस आले. पाच वर्षांत पाचच वेळा बसता येतं. तिच्या पाचही झाल्या होत्या.

निकालाच्या दिवशी स्टॅन तिला ऑफिसात घ्यायला आला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली. तिचा डबा हातात घेत तो एवढंच म्हणाला, "चल, अर्डी." मला वाटतं, त्याने एखादी थट्टा केली असती तर तिला सोपं गेलं असतं.

ऑक्टोबरमध्ये तिने बदली मागून घेतली. आता ती वरच्या मजल्यावर वाहतुकीचे दंड भरून घेते. तिथे लोक चिडलेले असतात, रडत मात्र नाहीत. मी एकदा वर गेले होते.

"बरं चाललंय?" मी विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली. "इथे वाचायला फारसं काही नसतं."

मग तिने माझ्या मागच्या माणसाला पुढे यायची खूण केली, आणि मी बाजूला झाले.