अक्कांचं मौन आणि माझी पोथी

तेव्हा मी साठीची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. साताऱ्यात आमच्या गल्लीत पारायण म्हटलं की बायका आधी मला विचारत. पोथीचं तोंड कुठल्या दिशेला, कोण शिवलं तर काय करायचं, नैवेद्याला काय चालतं, सगळं मला तोंडपाठ. देवाला स्वतःला काही शंका आली असती तर त्यानेही माझंच दार वाजवलं असतं, असा माझा तोरा.

माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, तासगावजवळ द्राक्षबागेतल्या घरात एकट्या राहतात. थोरले दीर गेल्यावर त्यांनी नाथपंथी गुरूंकडून कानमंत्र घेतला. तो कुणाला सांगायचा नाही. पहाटे उठून त्या बेदाण्याच्या शेडमध्ये, वाळत घातलेल्या द्राक्षांच्या जाळ्यांखाली, पोतं अंथरून बसायच्या आणि दुपारचे बारा वाजेपर्यंत अवाक्षर बोलायच्या नाहीत. गुरूंनी एका तपाचं मौन दिलेलं. बारा वर्षं अखंड पाळलं तरच पुढची वाट सांगणार, मध्ये मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. अकरा वर्षं झाली होती.

"एकटीच्या घरात गप्प बसायला काय लागतं?" असं म्हणून मी चार बायकांत हशा पिकवला होता.

त्या वर्षी माझी लेक सांगलीला सासरी होती. आठवा महिना आणि रक्तदाब चढलेला. मी तिच्यासाठी सात दिवसांचं पारायण बोलले. व्याह्यांच्या घरी माझं सोवळं कसं चालणार? म्हणून पोथी बांधली नि जवळ म्हणून अक्कांकडे आले. वाचायची वेळ मुद्दाम सकाळी आठची धरली. आवाज शेडपर्यंत जाईल असा लावला. म्हटलं, जरा खरा देव कानावर पडू दे बाईच्या.

दुपारी जेवताना अक्का म्हणाल्या, "धाकटे, आवाज लय खणखणीत हाय तुजा. द्राक्षं लवकर वाळत्याली औंदा."

"आवं अक्का, तुमी बी या की ऐकायला. नुसतं डोळं मिटून काय मिळतंय?"

"तुला उघडून जे मिळतंय, त्येच."

मी रागाने काही बोलले नाही. माझ्या हिशेबी तेही मौनच.

पाचव्या दिवशी अध्याय अर्ध्यात आला आणि फोन वाजला. जावई होते. "आई, रक्तदाब फार वाढलाय. लगेच ऑपरेशन करणार आहेत. ती तुम्हालाच बोलावतेय."

आता नियम असा, की सुरू केलेला अध्याय संपेतो पाटावरून उठायचं नाही, आणि सात दिवसांत एकही दिवस चुकवायचा नाही. हा नियम साऱ्या गल्लीला मीच घालून दिलेला. उठावं तर लेकीसाठी बोललेलं पारायण मोडतं, न उठावं तर तिकडे लेक. मी तिथंच बसून पोरीसारखं भोकाड पसरलं.

अक्का शेडमधून आल्या. कपाळाला भस्म. माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. त्यातून जावई "आई, आई" करत होते. अक्कांनी हात धुतले, पाटाला गुडघा लावून बसल्या, माझं बोट थांबलं होतं तिथं आपलं बोट ठेवलं आणि पुढची ओळ वाचली.

घोगरा, न वापरलेला आवाज. मला आधी कळेचना कोण बोलतंय. मग कळलं आणि अंगावर सरसरून काटा आला. लिहितानाही येतोय. इतकी वर्षं पोथ्या वाचल्या, घसा फुटेस्तोवर आरत्या म्हटल्या, पण आपल्यासमोर काहीतरी फार मोठं येऊन उभं आहे असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. मी उठायचंही विसरले. अक्कांनी ओळ न तोडता मला कोपराने ढोसलं.

सांगलीत नात झाली. मूठभर, काचेच्या पेटीत. पण दोघी सुखरूप. आठव्या दिवशी मी तासगावला परतले. पोथी नीट बांधून ठेवलेली. अक्कांनी सातव्या दिवसापर्यंत वाचन केलं होतं, एक वेळ जेवून, घोंगडीवर झोपून, माझ्या तोंडून ऐकलेले सगळे नियम पाळून. नैवेद्यसुद्धा.

"अक्का, अकरा वर्षं गेली की वो तुमची!"

"गेली."

"मी मुद्दाम सकाळची येळ धरलीवती."

"म्हाईत हाय. रोज कानात वरडत हुतीस, न कळायला मी काय भैरी हाय?"

"गुरू काय म्हनतील?"

"ऐकू यावं म्हून गप बस म्हनलं हुतं त्येनी. ऐकू आलं."

"आनि आता?"

"उद्यापास्नं पयलं वरीस."

"आवं, चौऱ्याऐंशीच्या व्हाल तुमी!"

"आनि गप न्हाई बसलं तर काय व्हायची न्हाई?"

दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीने मला सांगलीला जायचं होतं. अक्का पहाटेच शेडमध्ये जाऊन बसलेल्या. मीही एक पोतं घेतलं आणि शेडच्या दाराशी टेकले. आत गेले नाही, माझ्याकडे मंत्र नव्हता. जाळ्यांमधून वारा जात होता, वर हिरवी द्राक्षं सुरकुतत होती. गुडघे ठणकले. मुंगी चावली. बाकी मला काहीही ऐकू आलं नाही, तरी उठवेना.

बारा वाजता अक्का बाहेर आल्या. मला पाहून थबकल्या.

"आगं बया, तू हितंच? दहाची गाडी गेली की तुजी!"